टीम निघाली, बाबाही निघाले

११ एप्रिल

धाकट्या,

अनेक आशीर्वाद. फोनवर आपण तिसऱ्या वाक्याला भांडतो आणि चौथ्याला तू फोन ठेवतोस. म्हणून लिहिते आहे. आता बस वाचत.

आपली टीम प्लेऑफला पोचली हे तुला कळलंच असेल. सेमीफायनलच्या दोन मॅच झाल्या, पाचांतल्या तीन जिंकायच्या आहेत. पहिली हरलो, कालची जिंकलो. काल बाबांना घेऊन गेले होते. त्यांची व्हीलचेअर उतारावरून वर ढकलताना माझी कंबर कामातून गेली, पण त्यांचं लक्ष माझ्याकडे कुठलं असायला! आत शिरल्या शिरल्या त्यांनी रेफरीला शिव्या घालायला सुरुवात केली. मॅच अजून सुरूही झाली नव्हती.

जिंकलो याचा आनंद आहे, पण माणसांचा मात्र उबग आलाय. सीझनभर हॉल अर्धा रिकामा असतो. कोपऱ्यात छत गळतं, तिथे बादली ठेवलेली असते आणि बादलीच्या आसपास आम्ही तीच ती डोकी. प्लेऑफ लागली की ही झुंड कुठून उगवते कोण जाणे. ज्यांनी आजवर माझ्या दुकानात फक्त पँटी आखूड करून घेतल्या, ते आता जर्सीवर नाव शिवून घ्यायला उभे. एक बाई आल्या. म्हणाल्या, "त्या उंच मुलाचं नाव घाला पाठीवर."

"बाई, बास्केटबॉल आहे हा. सगळेच उंच असतात."

"मग सगळ्यात उंच असेल त्याचं."

घातलं. सगळ्यात उंच म्हणजे आपला कॅप्टन, उंट. तू इथून गेलास तेव्हा तो बेंचवर बसून टॉवेल वाटायचा. अजून तसाच धावतो, आधी मान पुढे जाते आणि बाकीचा उंट मागून येतो. त्या बाईंना यातलं काही ठाऊक नाही. मॅचभर त्यांनी स्वतःचे फोटो काढले. मला शिसारी आली.

गेल्या वेळी फोनवर तू दोनदा विचारलंस, "ताई, हॉल भरतो का गं अजून?" बाबांना सांगितलं तेव्हा त्यांचा चेहरा खुलला. म्हणाले, "रक्तातच आहे त्याच्या."

बाबांची तब्येत बरी आहे. पाय तसेच. भिजवलेल्या बिस्किटांपलीकडे सकाळी काही घेत नाहीत.

ताई

१५ एप्रिल

धाकट्या,

वर आशीर्वाद लिहायला हात वळत नाही. तो तुझा तू गृहीत धर.

तुझं पोट सुटलंय. आजच्या पेपरातल्या फोटोत मी सगळ्यात आधी तेच पाहिलं. टीमचा मालक मधोमध उभा, समोर टेबलावर नव्या हॉलचं पांढरं खेळणं आणि डावीकडून तिसरा तू, डोक्यावर ते पिवळं हेल्मेट. टेबलावरचं खेळणं डोक्यात पडणार होतं का रे, हेल्मेट घालायला?

बातमी मी दोनदा वाचली. सीझन संपला की टीम तुझ्या शहरात जाणार. हॉल तुमच्या कंपनीने बांधला आणि त्या कामाचा मुख्य इंजिनिअर तू. म्हणजे पाया खणला तेव्हापासून तुला माहीत होतं. मागच्या वर्षी बाबांच्या आजारपणात इथे चार दिवस येऊन राहिलास तेव्हाही. त्यांच्या उशाशी बसून रेडिओवर मॅच ऐकलीस, बास्केट पडली की त्यांच्या हातावर टाळी दिलीस. तोंडातून चकार शब्द काढला नाहीस!

आणि हॉल भरतो का गं अजून! तुला आमची आठवण येते असं वाटलं मला. तू गिऱ्हाइकं मोजत होतास.

इथली अवस्था सांगते. कालपर्यंत नावं शिवून घेणारी माणसं आज नावं उसवून घ्यायला आली. काउंटरवर जर्स्यांचा ढीग पडलाय. "उंटाचं काढा, गद्दार आहे." अरे, उंटाने काय केलं? मालक विकेल तिथे त्याला जायचंय. त्याला तरी कुणी विचारलंय? शेजारचा किल्लीवाला, जो माझ्याबरोबर बादलीशेजारी बसून अख्खा सीझन काढतो, तोसुद्धा आला. जर्सी पुढे टाकली. मी उसवून दिली. त्याची जर्सी इतकी जुनी आहे की नावाखालचं कापड अजून गडद होतं. धागे काढले तरी नाव वाचता येत होतं. तो बघत राहिला आणि ती तशीच घालून गेला.

बाबांना यातलं काही सांगितलेलं नाही. पेपर आला नाही म्हणून सांगितलं. रेडिओच्या बॅटऱ्या काढून ठेवल्या आणि तो बिघडलाय म्हटलं. आयुष्यभर लिफ्ट दुरुस्त केलेल्या माणसाला हे सांगायचं म्हणजे केवढी कसरत. "दे इकडे, बघतो," म्हणाले. म्हटलं, स्क्रू ड्रायव्हर दुकानात राहिलाय. मॅच संपेपर्यंत तरी त्यांना सुखाने राहू दे. नंतर काय सांगायचं ते मी बघेन.

तू फोन करू नकोस. मला तुझा आवाज ऐकायचा नाही.

२० एप्रिल

धाकट्या,

तुझं पत्र मिळालं. म्हणे, "ताई, मी टीम हलवली नाही, मी फक्त भिंती उभ्या केल्या." शिवाय म्हणे, मी नाही तर दुसऱ्या कुणी केलं असतं, आणि तोंड बंद ठेवायची सही केली होती. इतकं गुळगुळीत पत्र मी उभ्या जन्मात वाचलं नव्हतं. अरे, घरात बोलायला सही आड येते? मी काय पेपरात छापणार होते? एकदा कानात सांगितलं असतंस तर मी रडले असते, भांडले असते आणि तुला शिव्या घालून गप्प बसले असते. आता मला शिव्याही नीट सुचत नाहीत.

मी फोन करू नकोस लिहिलं म्हणून तू माझ्याऐवजी बाबांना केलास. मी दुकानात असताना. मी घरी आले तर ते खुर्चीत ताठ बसलेले आणि चेहऱ्यावर असं तेज की मला वाटलं ताप चढलाय.

"कळलं का तुला?" म्हणाले. "धाकट्याने हॉल बांधला! छत केवढं उंच आहे, सांगितलं त्याने. आत चार लिफ्ट आहेत."

"बाबा, टीम जातेय इथून. तेही सांगितलं ना त्याने?"

"हो. तिकडेच जाणार ना. हॉल कशासाठी बांधलाय मग?"

 ज्या गोष्टीसाठी मी आठवडाभर खोटं बोलत होते, ती त्यांना पेढ्यासारखी गोड लागली. ते विचारत होते, बास्केटच्या रिंगा कुठून मागवल्या, खाली लाकूड कसलं टाकलंय. मी म्हटलं, "तुम्हाला काहीच वाटत नाही? आपली टीम आहे ती. इथली."

तर म्हणाले, "टीम खेळणार तर आहे ना? बंद तर नाही ना पडत?"

आणि मग, "रेडिओत बॅटऱ्या घाल. काढून ठेवल्यास ते मला पहिल्या दिवशीच कळलं होतं. वजनावरून."

तिसरी मॅच आपण त्यांच्याकडे जाऊन हरलो. काल चौथी तिथेच जिंकलो. आता दोन-दोन झालेत आणि शेवटची इथे आहे. आज सकाळी दुकान उघडलं तर दाराशी माणसं. तीच! "ताई, ते नाव परत शिवता येईल का हो? काल काय खेळला उंट!" मी म्हटलं, परवा गद्दार होता. तर एकजण हसत म्हणाला, "शनिवारपुरतं शिवा. कच्चा टाका चालेल."

कच्चा टाका. यांच्या निष्ठेला कच्चा टाका! त्याची जर्सी मी त्याच्या अंगावर भिरकावली. पाठ फिरवून तो दोन पावलं गेला नसेल, तोवर पुढचा आला. त्याची मात्र शिवली. दुकानाचं भाडं चुकत नाही.

किल्लीवाला सांगत होता की शनिवारी सगळ्या हॉलने कोर्टकडे पाठ करून बसायचं ठरलंय, मालकाचा निषेध म्हणून. कुणी टाळी वाजवायची नाही. मला पटलं. मी जाणार आहे आणि पाठ करणार आहे. बाबा यायचं म्हणतात. मी नाही म्हणून पाहिलं. त्यांनी बिस्किटं खायचं बंद केलं.

२५ एप्रिल

धाकट्या,

टीव्हीवर तू मॅच पाहिलीच असशील. टीव्हीवर जे दिसलं नाही ते सांगते.

हॉल खचाखच भरला होता. खेळाडू आत आले आणि सगळ्यांनी पाठ फिरवली. मीही फिरवली. समोर दुसरं काही नव्हतं, नुसत्या मागच्या रांगेतल्या माणसांच्या पाठी. एवढी माणसं आणि एवढी शांतता मी कधी अनुभवली नाही. फक्त बुटांची कचकच आणि चेंडूचा आवाज.

आणि एकच माणूस टाळ्या वाजवत होता. कोण ते तुला सांगायला नको.

"बाबा, नको," मी म्हटलं.

"का? खेळतायत की ते."

"निषेध आहे. मालकाचा."

"मालक कुठे खेळतोय?"

आणि मग त्या शांततेत मोठ्यांदा, "गुडघा वाकव, उंटा! गुडघा!" तुला आठवत असेल तो आवाज. लिफ्टच्या खड्ड्यातून वरच्या मजल्यावर हाक मारायची सवय. सगळा हॉल वळून बघायला लागला, म्हणजे कोर्टकडेच तोंडं झाली म्हण. मागून कुणीतरी ओरडलं, "ए म्हाताऱ्या, गद्दारांना टाळ्या वाजवतोस?" आणि एक कागदी ग्लास येऊन बाबांच्या मांडीवर फुटला. लाल, चिकट सरबत. चादर, पँट, सगळं भिजलं. मी मागे वळून पाहिलं. फेकणारा परत पाठमोरा झाला होता आणि त्याच्या पाठीवर मी शिवलेलं नाव होतं. शिवण माझीच, ओळखते ना मी.

मी त्याला काय बोलले ते इथे लिहीत नाही. किल्लीवाला मध्ये पडला म्हणून नुसत्या बोलण्यावर भागलं. घरी चला म्हटलं तर बाबा म्हणतात, "दुसरा क्वार्टर आत्ता तर सुरू होतोय. पुस आणि बस."

पुसलं आणि बसले. आणि त्यानंतर मी पाठ केली नाही. निषेध गेला खड्ड्यात. माझ्या बापाच्या मांडीवर सरबत फेकणाऱ्यांच्या रांगेत मला बसायचं नव्हतं.

तिसऱ्या क्वार्टरला आपण बरोबरीत आलो, तशी एकेक मान वळायला लागली. शेवटच्या क्वार्टरला तर पाठ करणारा एक शिल्लक नव्हता. उभं राहून, गळा फाडून उंटाचं नाव घेत होते सगळे. तो ग्लास फेकणारासुद्धा. मला इतकी किळस आली म्हणून सांगू! त्यांची आली आणि माझीही आली, कारण मीही ओरडत होते.

पुढचं तू पाहिलंस. एका गुणाने मागे, शेवटचे काही सेकंद आणि उंटाला दोन फ्री थ्रो. पहिला रिंगेवर आपटून बाहेर. दुसरा रिंगेवर फिरला, फिरला आणि बाहेर पडला. गुडघा वाकवला नव्हता त्याने. बाबा बरोबरच सांगत होते.

मग हॉलने त्याला अशा शिव्या घातल्या की ऐकवेना. काहींनी जर्स्या काढून कोर्टवर फेकल्या. मालक कधीच मागच्या दाराने गेला होता. उंट तिथेच उभा होता, हात लोंबकळत. माणसं धक्काबुक्की करत निघून गेली आणि बाबा टाळ्या वाजवत राहिले. शेवटचा खेळाडू आत जाईपर्यंत. त्यांचे हात दुखत होते, मध्येच थांबून बोटं चोळत होते आणि परत वाजवत होते.

मी म्हटलं, "बाबा, हरले ते. आणि आता जाणार आहेत."

"मग? आत जाताना कुणी बघायचं पण नाही त्यांच्याकडे?"

मला वाटलं, विषय संपला. टॅक्सीत बसवलं, पट्टा लावला. घर जवळ आलं तसं खिडकीबाहेर बघत म्हणाले, "धाकट्याकडे जास्तीची खोली आहे ना?"

मला आधी समजलंच नाही.

"त्याला विचार," म्हणाले. "सीझन सुरू व्हायच्या आत जायला हवं."

मी विचारते आहे. खोली आहे का?

१२ मे

धाकट्या,

तू लगेच हो म्हणालास. तुझ्या बायकोने फोनवर "ताई, आम्ही त्यांना फुलासारखं जपू" म्हणून सांगितलं. ते फुलासारखं वगैरे राहू दे. त्यांच्या टाचांना रोज तेल लावा.

त्यांच्याशी मी भांडले नाही असं समजू नकोस. चांगली भांडले. म्हटलं, "तुम्हाला न्हाऊ घालते मी, उठवते मी, बसवते मी. आणि तुम्ही त्या टोळक्यामागे निघालात? मी तुमची कोण, धर्मशाळेवाली?"

 मग म्हणाले, "तू रागावणार ते माहीत होतं. पण पाय गेले, काम गेलं, तुझी आई गेली. शनिवारी मॅच असते एवढंच मला कळतं आता. इथे शनिवारी काय करू मी?"

  मी त्यांच्यासाठी सगळं केलं, पण शनिवार काही मला करता येत नाही. याचा मला किती राग आला आहे ते तुला कळायचं नाही. त्यांचा येतो, तुझा येतो, त्या मालकाचा तर येतोच. मी नव्या हॉलमध्ये पाऊल ठेवणार नाही. त्या टीमचं नावही माझ्यासमोर काढू नकोस.

तू रविवारी न्यायला येतोस. सामान बांधून ठेवलंय. गोळ्या डाव्या कप्प्यात आहेत. अंघोळीला पाणी आधी स्वतःच्या मनगटावर घेऊन बघ. ते रेफरीला चोर म्हणाले की हो म्हण, समजावत बसू नकोस. कधीकधी मला हाक मारतात आणि मी आले की कशासाठी मारली ते विसरतात. तेव्हा चिडायचं नाही. जवळ जाऊन नुसतं उभं राहायचं.

मी रविवारी दुकानात असेन. किल्ली शेजारी ठेवलेली आहे.

२९ ऑक्टोबर

धाकट्या,

तुझी सगळी पत्रं मिळाली. उत्तर दिलं नाही कारण उत्तर द्यावंसं वाटलं नाही. बाबांचं वजन वाढलं, वाचून बरं वाटलं. तू पाठवलेलं पहिल्या मॅचचं तिकीट मी फाडलं. फाडून टाकलं असं लिहायचं होतं, पण तुकडे अजून मशीनच्या खणात आहेत.

मॅच मी पाहिली. दुकानाचं शटर अर्धं ओढून, आवाज बंद करून, किल्लीवाला आणि मी. दोघंही एकमेकांना सांगत होतो की हॉल कसा बांधलाय तेवढं बघायचं. बांधलाय बरा. तू केलेल्या कामाला नावं ठेवणार नाही.

दुसऱ्या क्वार्टरला कॅमेरा तुमच्याकडे वळला. तुम्ही दिसलात. उंटाने बास्केट टाकली आणि अख्खा हॉल उठून उभा राहिला. नवी, कोरी माणसं, कोऱ्या जर्स्या. आणि त्या पायांच्या जंगलात, खाली, माझा बाप. मान उंचावून, डावीकडून बघतोय, उजवीकडून बघतोय. पुढच्या दोघांच्या पाठींशिवाय त्यांना काही दिसत नव्हतं. आणि तू, हॉल बांधणारा, शेजारी बसून फोनवर बोट फिरवत होतास!

मी टीव्हीवर ओरडले. किल्लीवाला म्हणाला, "ताई, ऐकू जात नाही त्यांना." म्हटलं, माहीत आहे मला.

अरे गाढवा, पुढच्यांना सांगायचं असतं. खांद्याला हात लावायचा, मागे म्हातारं माणूस आहे म्हणायचं, खाली बसा म्हणायचं. नाही बसले तर शर्ट धरून बसवायचं. इतकी वर्षं प्रत्येक बास्केटला मी तेच केलं. बाबांना वाटायचं लोक आपोआप बसतात.

मी पुढच्या शनिवारी येते आहे. टीमसाठी नाही. तिकीट माझं मी काढलंय, तुझ्या पलीकडचं. बाबांच्या शेजारी मी बसणार, म्हणजे तू पलीकडे सरकायचंस.

ताई